लीनता मागावी कशी? (प्रार्थनेत आणि सेवेत शिरणारा गर्व)

मोहरीचा दाणा
सर्वांना सलाम. बरेच दिवस मनात असलेलं आज लिहिते आहे.

मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) उपासनेच्या वेळी गीतं मी घेते. अलीकडे एका तरुण मुलीवरही ही जबाबदारी सोपवली गेली. ती छान गाते, लोक तिचं कौतुक करतात, आणि ते कौतुक ऐकताना माझ्या आत काहीतरी आखडतं. सेवा प्रभूची आहे हे मला पाठ आहे. तरी "माझी जागा" हा शब्द मनात येतोच.

म्हणून लीनतेसाठी प्रार्थना सुरू केली. तिथे नवीनच अडचण. गुडघे टेकून "प्रभू, मी गर्विष्ठ आहे" असं म्हणते, आणि पुढच्याच क्षणी वाटतं, बघ, किती जणींना स्वतःचं पाप इतकं स्वच्छ दिसतं? म्हणजे पश्चात्तापाचाही अभिमान!

नव्या करारातल्या पत्रात याकोब लिहितो, "देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो." हे वाचून मला भीती वाटते. देवच विरोधात उभा राहिला तर जायचं कुठे? प्रश्न असा: लीनता ही देवाने द्यायची गोष्ट आहे की आपण करायची? आणि करायची असेल तर नेमकं काय करायचं?

वाटसरू
माझंच मन कुणी लिहून काढलंय असं वाटलं. वाचतोय.

जुना वाचक
ताई, चांगला विषय काढलात. मी यहूदाच्या एका राजाची आठवण करून देतो, उज्जीया. बायबलमध्ये २ इतिहास, अध्याय २६. सोळाव्या वर्षी गादीवर बसला, ५२ वर्षं राज्य केलं. बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेतीची त्याला आवड होती. देवाला शरण होता तोवर देवाने त्याला यश दिलं, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. आणि बलाढ्य झाल्यावर त्याचं मन चढलं.

आता पाहा, मन चढल्यावर त्याने केलं काय? मूर्तिपूजा नाही, कुणाची बायको पळवली नाही. तो मंदिरात धूप जाळायला गेला! अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे ८० याजक आडवे आले, हे तुझं काम नव्हे म्हणाले. तो संतापला, आणि हातात धुपाटणं असतानाच त्याच्या कपाळावर कोड उमटलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात राहावं लागलं.

मला या गोष्टीत सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हे, की त्याचा गर्व उपासनेच्या वेशात आला. जिथे आपण देवाच्या सगळ्यात जवळ आहोत असं वाटतं, तिथेच. त्यामुळे गीतं घेताना तुम्हाला तो जाणवला यात नवल नाही. अपयशात माणूस देवाला धरतो. यश पचवणं अवघड. हिज्कीया राजाचंही तेच झालं: मरणाच्या दारातून बरा झाला आणि मग मन उंचावलं. फरक इतकाच की तो नंतर नमला, आणि देवाचा कोप त्याच्या हयातीत आला नाही.

निळी शाई
काका, उज्जीयाबद्दल मान्य. पण ताईंना थेट त्याच्या रांगेत बसवू नका हो. इतकी वर्षं मनापासून एखादी सेवा केली, आणि कुणी एका शब्दाने न सांगता ती वाटून दिली, तर दुखणारच. प्रत्येक दुखण्याला गर्व म्हणायला लागलो तर माणसाला स्वतःचं मनच कळेनासं होतं. स्वतःला सतत झोडपणं म्हणजे लीनता नाही. कलस्सैकरांस लिहिताना प्रेषित पौल दुसऱ्या अध्यायात दिखाऊ लीनतेबद्दल आणि देहाला कष्ट देण्याबद्दल लिहितो. ते ज्ञानासारखं दिसतं, पण देहस्वभावाला आवरण्यात त्याचा काही उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं.

मोहरीचा दाणा
निळी शाई, तुमच्या शब्दांनी बरं वाटलं, खरंच. पण एक राहिलं सांगायचं. ती गाताना मी तिच्या चुका शोधत होते. एक ओळ ती जरा खाली उतरली आणि मला आनंद झाला. त्या आनंदाने मी घाबरले. ते निव्वळ दुखणं नव्हतं.

निळी शाई
हं. मग तुमचं निदान बरोबर आहे. पण इतकं नीट दिसलं हीसुद्धा पवित्र आत्म्याचीच कृपा आहे, ते विसरू नका.

मुक्तछंद
मंडळीच्या बैठकीत "मी अत्यंत लीनतेने दोन शब्द बोलू इच्छितो" असं म्हणून कुणी उभं राहिलं की मी घड्याळ काढून हातात घेतो. दोन शब्द पाऊण तास चालतात. :)

तळटीप
"पश्चात्तापाचाही अभिमान" यावर थोडं लिहितो. हा सापळा फार जुना आहे.

लूक १८ मधल्या दाखल्यातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस) आठवा. आपण त्याला सरसकट ढोंगी ठरवून मोकळे होतो. पण त्याची प्रार्थना कशी सुरू होते? देवाचे आभार मानून. उपास करतो म्हणाला ते खरं असेल, दशमांश देतो म्हणाला तेही खरं असेल. बिघाड कुठे आहे? "ह्या जकातदारासारखा नाही" इथे. (जकातदार म्हणजे कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी.) देवासमोर उभं राहून त्याची नजर बाजूला गेली. जकातदार मात्र परूशाकडे पाहतच नाही. मी ह्या परूशासारखा तरी नाही, असंही म्हणत नाही. त्याच्या तोंडी एकच वाक्य आहे: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." त्या वाक्यात दोघेच आहेत, देव आणि तो.

ताईंच्या "किती जणींना स्वतःचं पाप दिसतं" यात नेमकी तीच बाजूला जाणारी नजर आहे. प्रार्थना देवाशी चालू होती, मध्येच मोजमाप सुरू झालं.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्याचं सातवं प्रकरण लीनतेवर आहे. उत्पत्तीतल्या (पत्र लिहिणाऱ्या नव्हे) याकोबाला स्वप्नात दिसलेली शिडी घेऊन त्यांनी लीनतेच्या १२ पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी स्वतःला कमी लेखणं ही नाहीच. देव प्रत्येक क्षणी आपल्याला पाहतो आहे याचं भान आणि त्याचं भय, ही पहिली पायरी. पुढे बाराव्या शतकात क्लेअरवोच्या बर्नार्ड यांनी गर्वाच्या उतरत्या पायऱ्या लिहिल्या, त्यातली पहिली म्हणजे उगाच इकडेतिकडे भिरभिरणारी नजर. दोघांनी एकच गोष्ट दोन टोकांनी धरली आहे असं मला वाटतं. लीन व्हायचं तर आधी देवाकडे पाहायचं. स्वतःकडे पाहून कुणी लीन होत नाही. चांगलं दिसलं तर फुगतो, वाईट दिसलं तर खचतो, आणि दोन्ही वेळा मध्यभागी मीच.

वाटसरू
"दोन्ही वेळा मध्यभागी मीच." हे लिहून ठेवलं.

सांजवात
तळटीप, सुंदर प्रतिसाद.

नामीची सून
धागा छान चालला आहे, तरी मला जरा वेगळं बोलायचंय. राग येऊ देऊ नका.

"लीन राहा" हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी ऐकलं, त्यातल्या बहुतेक वेळा मी काहीतरी योग्य विचारलं होतं. एका मंडळीत हिशेबाबद्दल प्रश्न केला, तेव्हा उत्तर मिळालं, "बहिणी, तुझ्यात गर्वाचा आत्मा आहे, प्रार्थना कर." मी घरी जाऊन खरंच प्रार्थना केली! रडले, उपास केला. हिशेब मात्र कुणी दाखवला नाही. पुढे कधीतरी लक्षात आलं की माझ्या लीनतेचा सगळा फायदा ज्याला होतो, तोच मला लीन व्हायला सांगतो आहे.

म्हणून या विषयावर बोलताना कोण कुणाला सांगतंय हे पाहायला हवं. १ पेत्र ५:५ आम्हाला नेहमी ऐकवतात, तरुणांनो वडिलांच्या अधीन असा. त्याच्या आधीच्या ओळी कुणी वाचत नाही. पेत्र सुरुवात वडिलांपासून करतो: कळपाचं पालन करा, पैशाच्या लोभाने नको, धनीपण गाजवून नको. मग तरुण. आणि मग "तुम्ही सर्व जण" एकमेकांशी नम्रतेने वागा. सर्व जण!

जुना वाचक
सूनबाई, तुमच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं, त्यात दुमत नाही. पण उलटी बाजूही मी पाहिली आहे. आपला हेका चालला नाही की लोक त्याला अन्याय म्हणतात आणि मंडळी फोडतात. कोरह इस्राएलांचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध उठला तेव्हा त्याचंही बोलणं ऐकायला न्यायाचंच होतं: सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का वर? प्रत्येक बंडखोराला स्वतःचं बंड नीतीचं वाटतं.

नामीची सून
काका, मान्य. पण मग कोरहाला ओळखायचं कसं आणि मोशेला कसं? मला वाटतं मोशे स्वतःच्या बचावासाठी उभा राहिला नाही, तो पालथा पडला. गणना १२ मध्ये सख्ख्या बहीणभावाने त्याच्याविरुद्ध बोलल्यावर उत्तर देवाने दिलं, मोशेने नाही. आणि मिर्यामला कोड उठलं तेव्हा तिच्यासाठी विनवणी करणारा तोच. त्याच अध्यायात त्याला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र म्हटलं आहे. आणि हाच मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहिला. तेव्हा नम्र म्हणजे मुका नव्हे.

पौलाचं पाहा. फिलिप्पैत त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि त्याच गावच्या मंडळीला पुढे त्याने ते पत्र लिहिलं ज्यात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप धरलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं, असं आहे. दोन्ही एकाच माणसाचं. प्रभूलाही चौकशीत एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने विचारलं की मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? तो गप्प बसला नाही, आणि त्याने उलट हातही उचलला नाही.

मुक्तछंद
+१. अख्खा प्रतिसाद पाळकांना पाठवतो आहे. (आमचे पाळक चांगले आहेत, त्यांना आवडेल.)

कोरा कागद
मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतोय. एक प्रामाणिक शंका. देवासमोर नमणं तसं सोपं नाही का? देव मोठाच आहे, त्याच्यापुढे लहान होण्यात कमीपणा कसला? खरा कस माणसापुढे नमण्यात, तेही आपल्यापेक्षा लहान असलेल्यापुढे.

निळी शाई
कोरा कागद, फार मार्मिक विचारलंत. आमचं शास्त्रही या दोन गोष्टी वेगळ्या होऊ देत नाही. येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे देवापुढे टेकलेले गुडघे उठवून तो भावाच्या दारात पाठवतो.

आणि "लहान असलेल्यापुढे" म्हणालात, तर योहान १३. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या आदल्या ओळीत योहान काय लिहितो पाहा: पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून तो भोजनावरून उठला. सगळं हातात आहे हे माहीत असलेला माणूस त्या हातांत कमरेचा रुमाल घेतो. स्वतःला क्षुद्र समजून त्याने ते केलं नाही. म्हणून मी वर म्हटलं की झोडपणं वेगळं. आपण कुणाचे आहोत हे पक्कं झालं की खाली बसायला भीती वाटत नाही.

कोरा कागद
हे असं पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. आभार. योहानाचं शुभवर्तमान मिळवून वाचतो.

सांजवात
पाय धुण्यावरून मलाही लिहावंसं वाटलं. वयाने इथे बहुधा मीच सगळ्यात मोठी.

माझं आयुष्य लोकांचं करण्यात गेलं. आजाऱ्यांच्या भेटी, बाळंतिणींचं, कुणाच्या घरी मयत झालं की तिथलं सगळं. लोक म्हणायचे, काकू किती नम्र! मीही तसंच समजत होते. मग एका मोठ्या दुखण्याने मी अंथरुणाला खिळले. मंडळीतल्या बायका आळीपाळीने यायच्या. मला अंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या. आणि मला ते सहन होईना. आभार मानायचे सोडून मी चिडायची. एकीला तर येऊ नकोस म्हणाले.

प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्र म्हणाला ना, "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत"? मला ते पूर्वी मोठं नम्र वाक्य वाटायचं. आडवी पडल्यावर कळलं की त्यात किती ताठा आहे. देणाऱ्याच्या जागी राहायचं मला व्यसन लागलं होतं. घेणाऱ्याच्या जागी बसवल्यावर आतली सगळी ऐट बाहेर आली. प्रभू पेत्राला म्हणाला की मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. तेव्हा जिला नको म्हटलं होतं तिला निरोप धाडला, ये म्हणून. ती आली आणि काही न बोलता कामाला लागली.

कोड झालेल्या नामान सेनापतीचंही असंच. संदेष्टा अलीशा बाहेर येऊन मोठ्याने प्रार्थना करील, कोडावर हात फिरवील, अशी त्याची अपेक्षा. अलीशा बाहेरसुद्धा आला नाही, यार्देनेत सात वेळा बुडी मार असा निरोप फक्त. रागावून निघाला होता. चाकरांनी समजावलं की संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतं ना? अवघड करायला आपली तयारी असते, त्यात आपलं काहीतरी दिसतं. नुसतं घ्यायला जड जातं. कृपा नुसती घ्यावी लागते.

वाटसरू
काकू, नमस्कार. दोनदा वाचलं.

तळटीप
सांजवात काकूंनी मूळ प्रश्नाला हात घातला आहे: देवाने द्यायची की आपण करायची? "प्रभूसमोर नम्र व्हा" ही आज्ञा आहे, म्हणजे करायचं काहीतरी आहेच. पण आपण परिस्थिती निवडत नाही. दुखणं येतं, कुणी वरचढ येतं, कुणी चूक दाखवतं, ते सगळं देव समोर आणून ठेवतो. आपल्या हाती इतकंच की त्या क्षणी वाकायचं की आखडायचं. पौलाने देहातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली. तो काटा आपण चढून जाऊ नये म्हणून आहे, हे तो स्वतःच लिहितो. काटा निघाला नाही. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरेशी आहे." लीनता हवी असं म्हणताना आपण काट्यासाठी तयार आहोत का, हे विचारायला हवं.

जुना वाचक
म्हणूनच म्हणतात, गर्वाचं घर खाली. खाली येणं कुणाला चुकत नाही. आपण होऊन यायचं की पडून, एवढंच.

निळी शाई
अजून एक. गलती २ मध्ये पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर चुकीचं ठरवलं. मोठा प्रेषित, सगळ्यांदेखत. आणि २ पेत्र ३:१५ मध्ये "आपला प्रिय बंधू पौल" असा उल्लेख आहे. चारचौघांत चूक दाखवणाऱ्याला प्रिय म्हणता येणं, याहून मोठी खूण मला माहीत नाही.

मुक्तछंद
अवांतर: २ पेत्र हे पत्र पेत्राने स्वतः लिहिलं का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

तळटीप
आहेत, आणि परंपरेने ते पेत्राचंच मानलं आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे ताईंचा प्रश्न आहे.

मुक्तछंद
बरोबर. ताईंसाठीच एक माणूस सुचवतो: बर्णबा. यरुशलेमेत सगळे शौलाला (म्हणजेच पौलाला) घाबरत होते तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेणारा हाच. पुढे तार्सला जाऊन शौलाला शोधून अंत्युखियाला आणणाराही हाच. प्रेषितांच्या कृत्यांत आधी "बर्णबा व शौल" असं येतं. अध्याय १३ च्या मध्यापासून बहुतेक ठिकाणी "पौल व बर्णबा". ज्याला आणलं तो पुढे गेला, आणि बर्णबाने त्यावर कुरकुर केल्याची एक ओळही नाही. पुढे दोघांचं जोरदार भांडण झालं ते मार्क या सोबत्यावरून, म्हणजे तेही बर्णबा दुसऱ्या एका मागे पडलेल्याला पुढे आणू पाहत होता म्हणून!

उलट जुन्या करारातला शौल राजा (हा वेगळा शौल). बायकांनी गाण्यात त्याला हजार शत्रू मारल्याचं श्रेय दिलं आणि दाविदाला दहा हजारांचं, त्या दिवसापासून त्याची दाविदावरची नजर बदलली. गाण्यावरूनच सुरू झालं तेही.

नामीची सून
मुक्तछंद, आज तुम्ही विनोद सोडून लिहिलंत आणि काय लिहिलंत! ताई, मला सुचतं ते असं: त्या मुलीसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. "मला लीन कर" ही प्रार्थना काही दिवस बाजूला ठेवा, त्यात पुन्हा मीच येते. तिच्या आवाजासाठी, तिच्या घरासाठी, तिच्या परीक्षांसाठी मागा. एखाद्यासाठी मनापासून मागत असताना त्याच्या चुकांचा आनंद टिकत नाही.

जुना वाचक
आणि तिला येत नाही ते शिकवा. हातचं राखून न ठेवता.

सांजवात
आणि तिच्याकडून एखादी गोष्ट शिकून घ्या. ते जास्त कठीण.

मोहरीचा दाणा
सगळ्यांचे प्रतिसाद एकत्र वाचले. नामीची सून, तुमचं आजपासून सुरू केलं. पहिल्या प्रार्थनेत लक्षात आलं की तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. घरी कोण आहे, काय शिकते, काही नाही. मागायचं काय, तेच सुचेना! म्हणून तिला फोन केला. बराच वेळ बोललो. तिची आई आजारी आहे. तिला वरच्या पट्टीत गाताना श्वास पुरत नाही, ते तिने आपणहून विचारलं. येत्या शनिवारी आम्ही दोघी सरावाला बसणार आहोत. एक नवीन गीत तिला येतं, मला येत नाही, ते ती मला शिकवणार आहे.

आखडणं संपलं असं म्हणत नाही. रविवारी कळेल. तिच्या आईसाठी तुम्हीही प्रार्थना करा.

निळी शाई
नक्की. आजच करते.

वाटसरू
ताई, आईसाठी प्रार्थना केली. मुक्तछंद, बर्णबाने शौलाला प्रेषितांकडे नेलं ते कुठे आहे? उद्या आमच्या अभ्यासगटात वाचायचं आहे.

मुक्तछंद
प्रे. कृत्ये ९:२६-२७. शोधायला तार्सला गेला ते ११:२५-२६. आणि मार्कावरचं भांडण १५:३६-४०, तेही वाचा, गाळू नका.